गावच्या चर्चचा इतिहास लिहायचाय? आधी पाटी विसरा, रजिस्टर उघडा

स्मरणिकेचं काम गळ्यात पडलं तेव्हा मला वाटलं हे काय, आठवड्याभरात होईल. जुनी स्मरणिका घ्यायची, त्यातलं पान उचलायचं, शेवटी दोन-चार नवीन फादरांची नावं जोडायची, झालं. मी शाळेत मराठी शिकवायचे म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. गाव आमचं जळगाव जिल्ह्यातलं, रेल्वे लाईनवरचं, चर्च कॅथलिक, नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली ज्या चुका सांगणारे त्या कोणाच्या ते लगेच कळेल आणि मला दर रविवारी त्याच बाकावर बसायचंय. तर ते आठवड्याचं काम दीड वर्ष चाललं. का चाललं आणि तुमचं कमी वेळात कसं होईल ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट करा. "चर्च कधी सुरू झालं" या प्रश्नाला एक उत्तर नसतं, चार असतात. गावात पहिली मिस्सा म्हणजे फादरांनी केलेली मुख्य उपासना झाली ते साल, पहिलं चॅपल किंवा नुसती खोली उभी राहिली ते साल, बिशपांनी गावाला स्वतंत्र धर्मग्राम म्हणजे पॅरिश म्हणून मान्यता दिली ते साल, आणि आत्ता दिसते ती बिल्डिंग बांधली ते साल. दारावरची संगमरवरी पाटी यातलं एकच सांगते, बहुतेक वेळा शेवटचं, आणि लोक तेच साल चारही ठिकाणी चिकटवतात. आमच्याकडे पाटीवरचं साल आणि आमच्या गावाची रजिस्टरमधली पहिली नोंद यात बावीस वर्षांचा फरक निघाला. म्हणजे आम्ही बँड लावून जो सुवर्णमहोत्सव केला तो चर्चचा नव्हताच, छपराचा होता.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ही चार सालं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे "कशावरून" असा कॉलम करा. पाटी, रजिस्टर, बिशपांचं पत्र, आजीने सांगितलं, जे असेल ते. कॉलम रिकामा असेल तर साल पेन्सिलीने लिहा. एवढं केलं तरी अर्ध्या स्मरणिकांपेक्षा तुमचं काम पुढे गेलं.

चर्च कोणतं ते आधी बघा

खान्देशात हा घोळ फार होतो. बाहेरच्याला सगळी चर्चं सारखी. पण भुसावळ, जळगाव, चाळीसगाव पट्ट्यात आणि तिकडे नंदुरबार, नवापूर, चिंचपाड्याकडे अलायन्स नावाच्या मिशनांचं काम मोठं, ती प्रोटेस्टंट, आणि नंदुरबारला तर एस. ए. म्हणजे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन हे नाव शाळेवर अजून आहे. त्यांचा इतिहास वेगळा, कागद वेगळे, तिथे पाळक असतात फादर नसतात. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात नुसतं "गावात मिशन आहे" असं दिसलं की लगेच उड्या मारू नका, ते कोणाचं मिशन हे कळल्याशिवाय आपल्या खात्यात धरायचं नाही. मी एका अमेरिकन मिशनरी बाईंचा दवाखाना आमच्या चर्चच्या नावावर जवळजवळ छापलाच होता, शेजारच्या अलायन्सच्या काकांनी हसत हसत थांबवलं.

दुसरं म्हणजे हद्दी. आज जळगाव, धुळे, नंदुरबार हे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या हद्दीत येतात पण नाशिक धर्मप्रांतच १९८७ साली झाला, त्याआधी हा भाग पुणे धर्मप्रांतात होता, आणि पुणे धर्मप्रांत म्हणून १८८६ पासूनचा, त्याच्या आधी १८५४ पासून नुसता व्हिकॅरिएट, म्हणजे पूर्ण धर्मप्रांत होण्याआधीची पायरी. सरकारी बाजूने पण तसंच, जुना खान्देश जिल्हा एकच, १९०६ ला पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, महाराष्ट्र झाल्यावर जळगाव आणि धुळे, आणि १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. हे पाठ करायची गरज नाही. पण नंदुरबारचा १९०० सालचा कागद नंदुरबार जिल्हा म्हणून शोधाल तर सापडणार नाही, तो "खान्देश" खाली असणार. स्पेलिंगचं पण ध्यानात ठेवा, इंग्रजी कागदात धुळ्याचं धुलिया झालेलं असतं, बाकी गावांचं तर विचारू नका, ऐकलं तसं लिहिलेलं.

रजिस्टर, म्हणजे खरा खजिना

कॅथलिक चर्चचं एक बरं आहे, लिहून ठेवायची सवय फार जुनी. १५६३ च्या ट्रेंटच्या बिशप परिषदेपासून बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायचा नियमच आहे, आणि आत्ताच्या १९८३ च्या चर्च कायद्यात पण कॅनन म्हणजे कलम ५३५ मध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू अशी रजिस्टरं प्रत्येक पॅरिशने ठेवायची आणि जुनी सांभाळायची असं स्पष्ट आहे. म्हणजे रजिस्टर नाहीच असं सहसा होत नाही. असतं, फक्त फादरांच्या बंगल्यातल्या लोखंडी कपाटात सगळ्यात खाली, वर नाताळच्या गोठ्याचं सामान ठेवलेलं असतं.

मागायला कधी जायचं? रविवारी मिस्सा संपल्यावर अजिबात नाही, तेव्हा फादरांभोवती वीस माणसं असतात. मधल्या वारी सकाळी जा, आधी एक साधं पत्र द्या की कशासाठी पाहिजे, किती सालापर्यंतचं पाहिजे, आणि रजिस्टर बंगल्याबाहेर नेणार नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्या वहीत लोकांच्या घरातल्या खाजगी गोष्टी असतात आणि फादरांना त्याची जबाबदारी असते. मोबाईलने फोटो काढू का असं वेगळं विचारा, हो म्हटलं तरी फ्लॅश बंद. पानं उलटताना थुंकी लावायची नाही (हे मला सांगावं लागलं, सवय जाता जात नाही). पेन जवळ ठेवूच नका, पेन्सिल ठेवा.

आता वाचायचं कसं. साधारण १९६० च्या दशकापर्यंत, म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद होईपर्यंत, नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये. घाबरायचं नाही, दहा-पंधरा शब्दांचा खेळ आहे. नातुस म्हणजे जन्मला, बाप्तिझावी म्हणजे मी बाप्तिस्मा दिला, फिलिउस मुलगा, फिलिआ मुलगी, पात्रिनुस आणि मात्रिना म्हणजे धर्मपिता धर्ममाता, स्पोन्सुस नवरा, स्पोन्सा नवरी, सेपुल्तुस म्हणजे दफन केला. नावं पण लॅटिन करून टाकलेली असतात, योआन्नेस म्हणजे आपला जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स, कारोलुस म्हणजे चार्ल्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. नंतर कळतं की हा गुलिएल्मुस म्हणजे रेल्वेतले विल्यम अंकल ज्यांना गावात सगळे विल्लूभाई म्हणायचे.

एक सापळा मात्र सगळ्यांना पकडतो, मलाही पकडला. महिन्याच्या जागी ७ चा आकडा लिहून पुढे "ब्रिस" असं बारीक शेपूट असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. सेप्टेम म्हणजे लॅटिनमध्ये सात. तसंच ८ चं ऑक्टोबर, ९ चं नोव्हेंबर आणि दहाचा रोमन आकडा असेल तर डिसेंबर. मी तीन पानं भरून जुलै-ऑगस्ट लिहीत सुटले होते आणि मग एक बाळ असं निघालं की त्याचा बाप्तिस्मा जुलैत आणि जन्म ऑगस्टात! तिथे थांबले आणि सगळं पुन्हा केलं.

वडिलांच्या धंद्याचा कॉलम असेल तर तो सोडू नका, तिथेच तुमचं गाव दिसतं. रेल्वेच्या गावात फिटर, गार्ड, ड्रायव्हर, खानसामा अशी नावं भरभर येतात. भुसावळसारख्या जंक्शनचं तर सरळच आहे, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० च्या दशकात खान्देशात आली, १८७० ला जबलपूरकडे जोडली गेली, आणि रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन, गोवेकर, मद्रासकडचे असे कॅथलिक लोक आले, त्यांना मिस्सा पाहिजे म्हणून फादर आले. तापी खोऱ्याची सुरत-अमळनेर लाईन १९०० च्या आसपासची, चाळीसगाव-धुळे लाईन पण त्याच सुमाराची. आमच्यासारखी नगर जिल्ह्यातून नोकरीला आलेली मराठी कॅथलिक घरं नंतरची. तुमच्या गावात स्टेशन असेल तर रजिस्टरमधली पहिली नोंद आणि लाईन सुरू झाल्याचं साल शेजारी शेजारी ठेवून बघा. स्टेशन नसेल, सातपुड्याकडचं आदिवासी गाव असेल, तर गोष्ट एकदम वेगळी असणार. तिथे शाळा, बोर्डिंग, दवाखाना यांच्या मागून चर्च येतं आणि शाळेचं जनरल रजिस्टर हे तुमचं दुसरं मोठं साधन.

मृत्यूचं रजिस्टर कोणी बघत नाही, तुम्ही बघा. १८९६ नंतरची प्लेगची वर्षं, १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, आणि १९१८ च्या पावसाळ्यानंतरची इन्फ्लुएन्झाची साथ. या काळात एका पानावर जेवढ्या नोंदी मावतात तेवढ्या एका आठवड्यात झालेल्या दिसतात, एकाच आडनावाची चार-चार माणसं. आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत छोट्या छोट्या थडग्यांची एक रांग आहे, आम्ही लहानपणी तिथे लपाछपी खेळायचो, ती रांग कोणाची ते मला त्या दिवशी कळलं. रजिस्टर बंद केलं आणि घरी गेले. पुढचे दोन दिवस काही लिहिलं नाही.

लग्नाबद्दल एक छोटी गोष्ट. १९०८ च्या ईस्टरपासून असा नियम आला की लग्न झालं की त्याची नोंद माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पण करायची. म्हणून त्यानंतरच्या नोंदींच्या समासात बारीक अक्षरात कुठल्या गावी कोणाशी लग्न झालं ते सापडतं. गावातली मुलगी इगतपुरीला दिली की मनमाडला, मुंबईला गेली की कराचीला, हे सगळं समासात. समास वाचा!

आणि सह्या. साक्रिस्तीत, म्हणजे फादर मिस्सेची तयारी करतात त्या खोलीत, लाकडी बोर्डावर आत्तापर्यंतच्या फादरांची यादी असते ना, तिच्यावर भरवसा ठेवू नका, रजिस्टरमधल्या सह्या काढा. प्रत्येक सहीची पहिली तारीख आणि शेवटची तारीख. आमच्या बोर्डावर सोळा नावं होती, सह्यांमध्ये तेवीस निघाली, सात फादर कोणाच्या लक्षातच नव्हते. सह्यांमधून जगाचा इतिहास पण दिसतो कधीकधी. पुणे मिशन जर्मन जेझुइटांकडे, म्हणजे येशूसंघाच्या फादरांकडे होतं, १९१४ ला युद्ध सुरू झालं, इंग्रज सरकारने जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं, नगरला त्यासाठी कॅम्पच होता, आणि पुढे बऱ्याच जणांना मायदेशी पाठवून दिलं. त्या दोन-तीन वर्षांत तुमच्या रजिस्टरमध्ये अक्षर अचानक बदललं, मध्ये महिनोन्‌महिने नोंदच नाही, मग एखादी गोवेकर सही आली, तर कारण हे असू शकतं. असू शकतं म्हणतेय, आहेच असं नाही, तारखा जुळल्या तरच लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या चर्चचं पहिलं रजिस्टर म्हणजे सुरुवात नाही! स्वतंत्र पॅरिश व्हायच्या आधी गावच्या नोंदी दुसऱ्या गावच्या मोठ्या चर्चच्या वहीत जायच्या. फादर महिन्यातून एकदा ट्रेनने यायचे, कोणाच्या तरी क्वार्टरच्या व्हरांड्यात मिस्सा, दोन बाप्तिस्मे, आणि परत गेल्यावर आपल्या वहीत नोंद. म्हणून रजिस्टरच्या पहिल्या पानावर मूळ चर्चचं नाव शोधा आणि तिकडे जा. आमची बावीस वर्षं तिथेच सापडली, आमच्या वहीत नाही, लाईनवरच्या पुढच्या मोठ्या गावच्या वहीत, गावाचं नाव तीन वेगळ्या स्पेलिंगमध्ये.

बाकीचे कागद कुठे कुठे

बिशप हाऊसला पत्र लिहा. चर्चचं आशीर्वाद-समर्पण झालं की त्याचा लेखी दाखला करायचा, एक प्रत बिशपांकडे आणि एक चर्चमध्ये, असा नियम आहे, म्हणजे आपली हरवली असली तरी तिकडे मागता येते. आधी नाशिक, मग पुणे. उत्तराला वेळ लागतो. मला चार महिन्यांनी दीड ओळीचं उत्तर आलं, पण त्या दीड ओळीत पॅरिश झाल्याची तारीख होती, अजून काय पाहिजे.

मासिकं सोडू नका. मुंबईचं एक्झामिनर साप्ताहिक १८५० पासूनचं आहे, इंग्रजीत. आणि आपलं मराठी निरोप्या, १९०३ साली जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातल्या केंदळहून सुरू केलं, तेच डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. जुन्या अंकांमध्ये गावोगावच्या बातम्या असतात, अमुक गावी घंटा बसवली, तमुक गावी बिशपांनी दृढीकरण म्हणजे कन्फर्मेशन दिलं. सगळे अंक एका जागी मिळत नाहीत, जुन्या कॅथलिक घरांत माळ्यावर बघा, आमच्याकडे एका मावशींच्या पेटीत साड्यांच्या खाली कागद अंथरायला वापरलेले निघाले.

सरकारी बाजूला १८८० चं खान्देश गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, नेटवर फुकट वाचायला मिळतं. गावाच्या नावाखाली बघा आणि रेल्वेचं प्रकरण पण बघा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे जुन्या मुंबई सरकारच्या धर्मखात्याच्या, म्हणजे इक्लेझिॲस्टिकल डिपार्टमेंटच्या फायली आहेत. चर्चला जागा, दफनभूमीची भिंत, फादरांचा भत्ता असल्या भांडणांसाठी तिथे जायचं, भांडण झालं की कागद झाला हे लक्षात ठेवा. इंग्रजांच्या काळातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीत पण आहेत, मुंबई इलाख्याचा विभाग एन-३ असा, त्यात कॅथलिक नोंदी पण सापडतात. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन घरांसाठी उपयोग जास्त, आपल्या मराठी लोकांसाठी कमी. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासकार वि. का. राजवाडे धुळ्यातच १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभं राहिलं. तिथे चर्चचे कागद मिळतील म्हणून नाही पण जुन्या खान्देशाबद्दल वाचायला एक दिवस तरी घाला.

जमिनीचं काम कंटाळवाणं पण करायलाच लागतं. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, आणि मुख्य म्हणजे जुने फेरफार. फेरफारात जागा कोणाकडून आली, विकत की दान, ते असतं. चर्च ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात शेड्यूल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीचा उतारा मागा, पण बऱ्याचदा ट्रस्ट गावच्या चर्चचा नसून धर्मप्रांताचा असतो, म्हणून त्या नावाने पण विचारा. रेल्वेच्या हद्दीतलं चर्च असेल तर जागा मुळात रेल्वेची असू शकते, मग सातबाऱ्यात काहीच सापडणार नाही, घाबरू नका, डिव्हिजनच्या लँड प्लॅनमध्ये बघायचं.

आमच्या गावात तीन घरं छातीठोक सांगतात की चर्चची जागा त्यांच्या आजोबांनी दिली. फेरफारात तिघांपैकी कोणीच नाही. मी काय केलं, "जागेसाठी गावातल्या अनेक कुटुंबांनी मदत केल्याची आठवण सांगितली जाते" असं लिहिलं आणि खाली फेरफाराचा नंबर टाकला. तिन्ही घरं नाराज झाली. सारखीच नाराज झाली म्हणून निभावलं.

भिंतींना पण विचारा

बॅटरी घ्या आणि चर्चमध्ये दुपारी एकट्याने जा. घंटेवर ओतणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं, चुना आणि कबुतरांची घाण खरवडली की दिसतं (शिडी धरायला माणूस न्या). मंगलोरी कौलं असतील तर पाठीमागे कारखान्याचा ठसा असतो, आणि ही कौलं १८६० च्या दशकापासूनची, त्याच्या आधीची असूच शकत नाहीत. रेल्वेच्या गावात छपराला तुळया म्हणून जुने रूळ वापरलेले असतात, रुळाच्या कमरेवर कंपनी आणि साल कोरलेलं असतं. पण सांभाळून, रूळ १८८० चा म्हणजे चर्च १८८० चं असं नाही, रूळ आधी पंचवीस-तीस वर्षं गाडीखाली राबून मग भंगारातून आलेला असतो. त्याने एवढंच कळतं की छप्पर त्या सालाच्या आधीचं नाही.

वेदी बघा. जुन्या चर्चात वेदी मागच्या भिंतीला चिकटलेली असायची, फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा करायचे. व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५, त्यानंतर वेदी पुढे आली आणि फादर लोकांसमोर उभे राहिले. तुमच्या चर्चात मागे एक आणि पुढे एक अशा दोन वेद्या असतील तर बिल्डिंग त्या आधीची असण्याची शक्यता जास्त. बाहेर लूर्दमातेची गुंफा असेल तर फ्रान्समधल्या लूर्दला झालेली मारियामातेची दर्शनं १८५८ ची, म्हणजे गुंफा त्यानंतरचीच, पण आपल्याकडच्या गुंफा त्याहून खूप अलीकडच्या, सिमेंट बघूनच कळतं.

म्हाताऱ्या माणसांकडे जाताना

इथे मी सगळ्यात जास्त चुका केल्या. पहिल्या आजींकडे वही-पेन-मोबाईल घेऊन गेले, रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, चर्च कधी बांधलं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोनी पोर शे वं तू?" पुढची पंधरा मिनिटं माझं खानदान सांगण्यात गेली, आणि मग म्हणाल्या, माले साल-बिल काय माहीत. बरोबरच आहे त्यांचं.

साल विचारायचंच नाही. ज्या गोष्टी सगळ्यांना आठवतात त्यांना खुंटी करायची. बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारी खाल्ली तेव्हा चर्चला पत्रा होता का कौलं? १९६४ ला मुंबईत युखरिस्तिक काँग्रेसला, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक संमेलनाला पोप आले होते तेव्हा गावातून कोण गेलं, कुठल्या फादरांनी नेलं? १९८६ ला पोप पुण्याला आले तेव्हा? मिस्सा मराठीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? लग्नाची तारीख रजिस्टरमधून काढता येते, मग बाकी सगळं तिच्या मागेपुढे लावायचं. आजी म्हणाल्या, माझ्या मोठ्या पोराच्या बाप्तिस्म्याला घंटा नव्हती, धाकट्याच्या वेळी होती. दोन्ही पोरांच्या तारखा वहीत सापडल्या, घंटेचं साल दोन वर्षांच्या आत आलं, आणि नंतर शिडी लावून बघितलं तर घंटेवर तेच!

फक्त कॅथलिक लोकांनाच विचारू नका. समोरचा किराणावाला, शाळेत शिकलेले हिंदू-मुसलमान काका, चर्चचं सुतारकाम केलेलं घर. आमच्या चर्चचे बाक कोणी बनवले हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, बाजारपेठेतल्या एका मिस्त्रींच्या नातवाने बिलाची वही आणून दाखवली. आणि जेवायला थांबा म्हटलं की थांबा. भरीत-कळण्याची भाकरी संपल्यावर जे बोलणं निघतं ते रेकॉर्डिंग चालू असताना कधीच निघत नाही.

काय छापायचं नाही

हा भाग मी कोणत्याच स्मरणिकेत बघितला नाही म्हणून मुद्दाम लिहिते. रजिस्टरमध्ये कधी बाप्तिस्मा मोठ्या वयात झालेला दिसतो, कधी आधीचं नाव आणि जात पण लिहिलेली असते, कधी बापाचं नाव रिकामं असतं. हे वाचायला मिळालं म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्याचा प्रश्न १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून धर्माला जोडलेला आहे, एखाद्याच्या आजोबांची नोंद नावासकट छापली तर त्याच्या नातवाच्या दाखल्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. पेपरात धर्मांतराच्या बातम्या कशा रंगवतात ते पण आपण बघतोच. म्हणून मी नियम केला, जिवंत माणसं आणि त्यांचे आईवडील यांची रजिस्टरमधली माहिती त्यांना दाखवल्याशिवाय नाही. बाकी ठिकाणी नुसते आकडे, अमुक दशकात इतके बाप्तिस्मे. मात्र याचा अर्थ गोड गोड लिहायचं असाही नाही. आमच्याकडे एकेकाळी पुढचे बाक साहेब लोकांचे आणि मागे बाकीचे अशी बसायची पद्धत होती, हे चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, ते मी लिहिलं, कोणाचंही नाव न घेता. कमिटीत एक जण म्हणाले कशाला उकरून काढता. फादर म्हणाले राहू द्या.

लिहून झाल्यावर

पानं कमी ठेवा, सोळा ते चोवीस पुरेत, त्यापुढे जाहिरातीच वाचल्या जातात. बिशपांचे-फादरांचे शुभेच्छा संदेश शेवटी टाका, इतिहास पुढे. ज्या गोष्टीवर एकमत नाही तिथे दोन्ही बाजू दोन ओळीत लिहून मोकळं व्हा. फोटोखाली माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, आणि ही नावं छापण्याआधी गावातल्या तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं दाखवा, एकत्र दाखवलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं होतं. पीडीएफ करून ठेवा. छापील एक प्रत चर्चच्या कपाटात, एक बिशप हाऊसला, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि तुमची कच्ची वही पण टाकू नका, ती पण कपाटात, कारण पुढच्या वेळी ज्याच्या गळ्यात हे काम पडेल त्याला तुमच्या पुस्तकापेक्षा तो "कशावरून" चा कॉलम जास्त लागणार आहे.

प्रूफ तीनदा वाचा, आकडे उलटे वाचा म्हणजे शेवटाकडून. मी अक्षरं तीनदा वाचली आणि आकडे एकदाच. दीड वर्ष ज्या सालासाठी घालवलं तेच साल मुखपृष्ठावर उलटंसुलटं छापून आलं. मग फादर, मी आणि यूथ ग्रुपची पाच पोरं, प्रकाशनाच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बंगल्याच्या ओट्यावर बसून तीनशे प्रतींवर बरोबर सालाच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवत होतो. अजून कोणाकडे ती प्रत असली तर चिठ्ठी उचकटून बघू नका.